अमरावतीहून मुंबई जवळ, तरी विमानाला वेळ जास्त का? वर्धेकरांनी तिकीट काढण्यापूर्वी हे वाचा

वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. मुंबईला उडायचे तर एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला अमरावतीचे बेलोरा. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली आणि ‘जवळचे कोणते?’ हा प्रश्न जिल्ह्यात प्रथमच उभा राहिला.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते, अमरावती ते मुंबई सुमारे ५४०. म्हणजे अमरावती जवळजवळ १४५ किलोमीटरने जवळ. तरीही नागपूरचे विमान साधारण दीड तासात पोहोचते, तर अमरावतीच्या विमानाला पहिल्या वेळापत्रकात पावणेदोन तास दिले होते.

फरक विमानाचा

नागपूरहून मुख्यतः जेट विमाने जातात. उंचीवर त्यांचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे असतो. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची. तिथे पंख्याचे एटीआर-७२ उतरते, ते ताशी ५०० च्या आसपास उडते.

आता हिशेब करा. जेटला ६८५ किलोमीटरसाठी ५० मिनिटे पुरायला हवीत. मग दीड तास कसा? कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशातल्या घिरट्या सगळे आले. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना तो अंगावर येतो, परतताना मागून ढकलतो.

घरापासून मोजा

वर्धा शहरातून नागपूर विमानतळ सुमारे ७५ किलोमीटर. तो वर्धा रोडलाच असल्याने नागपूर शहरात शिरावे लागत नाही, ही मोठी सोय. बेलोरा मात्र शंभर किलोमीटरच्या आसपास. हिंगणघाट, सेलूकरांनाही नागपूरच सोयीचे. आर्वी, आष्टीकडच्यांचे गणित वेगळे. त्यांना बेलोरा जवळ पडते.

रस्त्याचा दीड तास, बहुतेक कंपन्यांचे काउंटर तासभर आधी बंद होते म्हणून तेवढा राखीव वेळ, दीड तासाचे उड्डाण, मग सामान घेऊन बाहेर पडणे. वर्ध्याच्या घरातून मुंबई विमानतळाबाहेर यायला पाच तास धराच. रेल्वेने वर्धा ते सीएसएमटी ७५८ किलोमीटर, रात्रभराचा प्रवास.

टाटा हॉस्पिटलची तारीख किंवा नोकरीची मुलाखत असेल तर मिनिटांपेक्षा फेऱ्या पाहा. नागपूरहून मुंबईला दिवसातून अनेक विमाने आहेत. एक हुकले तर दुसरे मिळू शकते. अमरावतीची सेवा सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होती. तिथले विमान हुकले किंवा रद्द झाले, तर दोन दिवस खोळंबा होऊ शकतो. आर्वीकरांनीही तिकिटापूर्वी चालू वेळापत्रक तपासावे.