दोन आवाज, एक श्रेयनामावली

२०१८ साली झी टीव्हीच्या ‘सारेगमप’मध्ये मुंबईचे सुशांत दिवगीकर ‘राणी कोहिनूर’ बनून, स्त्रीवेशात, बाईच्या आणि पुरुषाच्या अशा दोन्ही आवाजांत गायले. मोझरीत आमच्या आत्याबाई ज्वारी निवडता निवडता थांबल्या. ‘एकाच गयातून बाई बी गाते अन् मानूस बी!’ मी भजनात खंजिरी वाजवतो. असा गळा किती रियाजानं कमावला असेल, हे मला कळतं.

त्याआधी, २०१६ मध्ये, तृतीयपंथी गायकांच्या ‘सिक्स पॅक बँड’ला कान लायन्स या जाहिरात महोत्सवात ग्लास ग्रां प्री मिळालं. पण तो चहाच्या ब्रँडचा उपक्रम होता. मला वाटतं, जाहिरातीबाहेर, टीव्ही मालिकांच्या पार्श्वसंगीतातही असे क्विअर कलाकार हवेत.

तयार गाणं मालिकेत घ्यायला दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. स्वतंत्र कलाकाराकडे बहुधा दोन्ही हक्क असतात, म्हणजे व्यवहार एकाच माणसाशी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटाही सोडून देता येत नाही, असं ठरवलं. क्विअर कलाकाराला फक्त क्विअर पात्राच्या प्रसंगासाठी बोलावणं मला अपुरं वाटतं. सासू-सुनेच्या भांडणामागंही त्यांचीच सारंगी वाजू दे, आणि श्रेयनामावलीत त्यांनी स्वतः निवडलेलं नाव येऊ दे.