वॉर्सा : जुने नगर

पोलंडची राजधानी वॉर्सा हिचा सर्वांत प्राचीन भाग. व्हिश्चला नदीच्या डाव्या तीरावरील उंचवट्यावर तेराव्या शतकात ही वसाहत उदयास आली. सिगिसमंड तिसरा या राजाच्या कारकीर्दीत, १५९६ पासून, राजदरबार क्राकोहून येथे हलल्याने तिचे महत्त्व वाढले. प्रवाशांना आज दिसणाऱ्या येथील बहुतेक वास्तू मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा उभारलेल्या आहेत.

नाझी सत्तेविरुद्धचा वॉर्साचा उठाव (१ ऑगस्ट–२ ऑक्टोबर १९४४) मोडून काढताना व त्यानंतर जर्मनांनी शहराचा पद्धतशीर विध्वंस केला. ऐतिहासिक भागातील ८५ टक्क्यांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पुनर्रचना कार्यालयाने वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची युद्धपूर्व मोजणी-रेखाटने, छायाचित्रे आणि अठराव्या शतकातील व्हेनिसचा चित्रकार बेर्नार्दो बेल्लोत्तो याची नगरचित्रे यांच्या आधारे काम हाती घेतले. ढिगाऱ्यातील अवशेष शक्य तेथे वापरण्यात आले. घरांचे दर्शनी भाग जुन्या धर्तीचे, तर अंतर्रचना आधुनिक निवासास सोयीची ठेवण्यात आली.

राजवाड्यासमोरील चौकात सिगिसमंडचा स्तंभ (१६४४) आहे. तो १९४४ मध्ये पाडण्यात आला. राजाचा पुतळा बचावला व १९४९ मध्ये नव्या स्तंभावर बसविण्यात आला. भग्न जुना स्तंभ राजवाड्यालगत ठेवलेला आहे. १७९१ चे ३ मेचे संविधान ज्या राजवाड्यात संमत झाले, त्याची पुनर्बांधणी १९७१–८४ मध्ये लोकवर्गणीच्या साहाय्याने झाली. नजीकच्या सेंट जॉन कॅथीड्रलची पुनर्बांधणी त्याच्या एकोणिसाव्या शतकातील स्वरूपात न करता मध्ययुगीन विटकामाच्या गॉथिक शैलीत करण्यात आली. यावरून पुनर्रचना म्हणजे केवळ प्रतिकृती नसून भूतकाळातील कोणते रूप जतन करावयाचे याची निवडही होती, हे स्पष्ट होते. पुढे बाजारचौकात नगराचे बोधचिन्ह असलेल्या मत्स्यकन्येचा पुतळा (१८५५) लागतो. उत्तरेस बार्बिकन हा तटबुरूज (१५४८) असून त्यापलीकडील ‘नव्या नगरा’त मारी क्यूरी (१८६७–१९३४) हिचे जन्मघर आहे.

यूनेस्कोने १९८० मध्ये जुन्या नगराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. प्राचीनतेपेक्षा जवळजवळ संपूर्ण पुनर्रचनेचे असाधारण उदाहरण म्हणून हा मान मिळाला. पुनर्रचना कार्यालयाचा दप्तरसंग्रहही २०११ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक स्मृति-नोंदवहीत समाविष्ट झाला.