सवलत मिळाली, शिकवणं राहिलं

1995च्या डिसेंबरात संसदेनं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, तेव्हा त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते. चारचौघांसारखं बोलणारं, खेळणारं, शंका विचारून भंडावून सोडणारं, पण पुस्तक उघडलं की गप्प होणारं मूल त्या सातांत कुठेच बसत नव्हतं. आणि लगेच पुढच्या वर्षी, 1996मध्ये, महाराष्ट्र शासनानं दहावी-बारावीच्या परीक्षांत अशा मुलांना सवलती दिल्या. अध्ययन अक्षमतेची अशी औपचारिक दखल घेणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राच्या कायद्यात ही मुलं यायला आणखी वीस वर्षं लागली.

या वाटचालीला आता तीसेक वर्षं होतील. मी रेमेडियल शिकवते, त्यामुळे तिचे फायदे रोज पाहते. पण मागे वळून बघताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आपण सुरुवात शेवटाकडून केली. मदत आधी बोर्डाच्या परीक्षेत आली आणि मग हळूहळू मागे, वर्गाकडे सरकत राहिली. पहिली-दुसरीच्या बाकापर्यंत ती अजून नीट पोचलेली नाही.

1996च्या आधी शाळेत अशा मुलांसाठी दोनच विशेषणं होती, ‘ढ’ आणि ‘आळशी’. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं तसाच उतरायचा. घरी मार, शिकवणीला मार, शेवटी नापास. हे चित्र बदलायला लावलं ते काही डॉक्टरांनी आणि हट्टी पालकांनी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या बालरोग विभागात अशा मुलांची तपासणी होऊ लागली. 1996 सालीच पालक आणि तज्ज्ञ यांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी केली. मूल अभ्यासात मागे आहे म्हणून त्याला डॉक्टरकडे न्यायचं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

तपासणी एका दिवसात उरकण्यातली नव्हती, आजही नाही. आधी शाळेचं पत्र, मग केसपेपर. डोळे आणि कान तपासून घ्यायचे. मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढणार, विशेष शिक्षक वाचन, लेखन आणि गणित तपासणार, मग अहवालासाठी पुन्हा तारीख. दर खेपेला आईची किंवा वडिलांची एक रजा, रोजंदारीवर असतील तर एक खाडा. मुंबईबाहेरच्यांना तर मुक्कामाचीही सोय बघावी लागे. शिवाय सुरुवातीच्या चाचण्या प्रामुख्यानं इंग्रजीतल्या होत्या. त्यामुळे ‘एलडी’ (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) हा इंग्रजी माध्यमाच्या, शहरातल्या, खात्यापित्या घरांचा आजार आहे असा एक समज पसरला, आणि तो बराच काळ टिकला. मराठी शाळेतल्या मुलांना अडचण नव्हती असं नाही. ती मोजायची पट्टीच आपल्याकडे नव्हती.

सवलती मात्र भरघोस होत्या. जादा वेळ, खालच्या इयत्तेतला लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. 2000 साली या सवलती खालच्या इयत्तांनाही लागू झाल्या. त्यांनी कितीतरी मुलांना दहावीचा उंबरठा ओलांडून दिला आणि पुढे चित्रकला, हॉटेल व्यवस्थापन, वाणिज्य, नाटक अशा वाटा खुल्या केल्या. पण त्यांची किंमतही होती, आणि ती अनेक पालकांना निकाल लागल्यावर कळली. बीजगणित-भूमिती सोडली की अकरावी विज्ञानाचं दार बहुधा बंदच. नववीच्या दिवाळीत घाईघाईनं सही केलेला अर्ज मुलाची शाखा ठरवून मोकळा व्हायचा.

आणि सवलत म्हणजे शिकवणं नव्हे. जादा अर्ध्या तासानं न येणारं वाचन येत नाही. लेखनिक मुलाच्या वतीनं लिहितो, मुलाला लिहायला शिकवत नाही. वर्गात यातलं काय करायचं हे 1996नं सांगितलं नाही, 2000नंही नाही.

वर्गात करायचं म्हणजे नेमकं काय, हे चौथीतल्या एका मुलाच्या वहीवरून सांगते. श्रुतलेखनाचं वाक्य होतं, ‘विहिरीवर पाणी भरायला गर्दी होती’. वहीत उमटलं, ‘वीहरिवर पाणि मरायला गदी होती’. बाईंनी लाल शाईनं चार गोल काढले आणि खाली लिहिलं, ‘शुद्धलेखन सुधारा, पाच वेळा लिहा’. मुलानं तेच चुकीचं वाक्य पाच वेळा लिहून आणलं.

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. पन्नास-साठ वह्या तपासायच्या असतात. पण चुका शांतपणे बघितल्या की त्या कशाही पडलेल्या नाहीत हे दिसतं. ‘भ’चा ‘म’ झाला, कारण दोघांच्या आकारात फरक फक्त डोक्यावरच्या वळणाचा. पहिली वेलांटी हा तर आपल्या लिपीचा खास सापळा. बोलताना आधी व्यंजन आणि मग इकार, लिहिताना मात्र आधी वेलांटी आणि मग अक्षर. रफाराचंही तसंच. ‘गर्दी’त र् हा ‘दी’च्या आधी ऐकू येतो, पण बसतो ‘दी’च्या डोक्यावर. ज्याच्या मेंदूला ध्वनी आणि खूण यांची जोडी जमवायला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात, त्याच्यासाठी ही उलटापालट रोजची ठेच असते.

मग उपाय काय? आधी लिहायचंच नाही. टाळ्या वाजवत शब्द तोडायचा, ग, र्, दी. तीन खडे मांडायचे, एकेका ध्वनीला एक. मधला खडा उचलून तिसऱ्याच्या वर ठेवायचा, म्हणजे र् कुठे जाऊन बसतो ते हातानं कळतं. ताटात रवा पसरून त्यात बोटानं मोठ्ठं अक्षर गिरवायचं. मगच पाटी, मगच वही. एका बैठकीत एकच नियम आणि त्याचे सहा-सात शब्द, वर्दी, सर्दी, कुर्ता असे. ‘दोर्‍या’तला वेगळा र वगैरे सगळं एकदम अजिबात नाही. हे काम कंटाळवाणं आहे, सावकाश होणारं आहे, पण गूढ नाही. डीएड झालेल्या कुठल्याही शिक्षकाला ते शिकता येतं, फक्त कुणीतरी शिकवायला हवं.

2007च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ आला. अमोल गुप्तेंनी लिहिलेल्या या चित्रपटानं जे काम दहा वर्षांच्या परिपत्रकांना जमलं नव्हतं ते तीन तासांत केलं. आठवड्याभरात ‘डिस्लेक्सिया’ हा वाचनातल्या अक्षमतेचा शब्द रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. त्यानंतर पालक स्वतःहून विचारायला येऊ लागले, हे मोठंच यश. पण त्या यशाला एक विचित्र बाजूही होती. अशा प्रत्येक मुलात एक चित्रकार लपलेला असतो, अशी लोकांची समजूत झाली. ज्याला ना चित्र येतं ना गाणं, ज्याला फक्त गोष्टीचं पुस्तक स्वतः वाचायचं आहे, त्याचं काय? आणि सिनेमातला शिक्षक एकटा होता, हेही आपण विसरलो. सगळी मदार एका प्रेमळ माणसावर असेल, तर तो बदलून गेल्यावर मूल पुन्हा तिथेच.

1 एप्रिल 2010पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचं नाही आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायचं, असं ठरलं. हेतू चांगलाच होता, नापासाच्या भीतीनं शाळा सोडणाऱ्यांत ही मुलं पुढेच असत. मूल्यमापनाच्या नोंदी मन लावून ठेवल्या गेल्या असत्या, तर अडचण दुसरीतच लक्षात आली असती. प्रत्यक्षात अनेक शाळांत त्या नोंदी वर्षाअखेरीस एका दमात भरल्या गेल्या. मूल वर सरकत राहिलं आणि नववीत आपटलं. म्हणून आजही तपासणी केंद्रांवर आठवी-नववीच्या मुलांची रांग मोठी असते. वाचन शिकवायचं खरं वय सहा ते नऊ, आणि आपल्याकडे मूल येतं चौदाव्या वर्षी, ओठांवर मिसरूड फुटल्यावर, ‘मला काही येत नाही’ हे पुरतं पाठ करून.

2015 ते 2018 ही वर्षं कागदावर सर्वांत फलदायी ठरली. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांमध्ये डिस्लेक्सिया तपासण्यासाठी ‘डाली’ ही चाचणी तयार केली, हिंदी आणि कन्नडबरोबर मराठीतही. मराठी मुलाची अडचण मराठीतच मोजायचं साधन हाती आलं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सातांचे एकवीस प्रकार केले, आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. जानेवारी 2018च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राची रीत ठरवली. आठव्या वर्षानंतर पहिली तपासणी, मग चौदाव्या वर्षी, मग अठराव्या वर्षी.

त्याच सूचनांत बुद्ध्यांक 85च्या वर असण्याची अट होती. म्हणजे ज्याचा बुद्ध्यांक 78 आहे आणि ज्याला वाचताही येत नाही, त्याला हे प्रमाणपत्र मिळत नसे, आणि मतिमंदत्वाच्या व्याख्येतही तो बसत नसे. प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुलं असतातच. त्यांची आई केंद्रातून रिकाम्या हातानं परत जायची, तेव्हा तिला काय सांगायचं हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसायचं.

2019चा एक वाद इथे आठवायलाच हवा, कारण त्यात या मुलांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीला ‘पन्नास तीन’ असं वाचायची पद्धत आली आणि राज्यभर हलकल्लोळ झाला. विधिमंडळात कोट्या झाल्या, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, की दोन्ही पद्धती चालतील, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमानं अडखळणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे. आमच्या कामात हा घोळ रोजचा. मुलाला ‘त्रेपन्न’ सांगितलं की ऐकू येतो आधी तीन, म्हणून तो आधी तीन लिहितो, मग पाच. झाले 35. पुढचं सगळं गणित बरोबर केलं तरी उत्तर चूक. त्याला ‘पन्नास तीन’ म्हणायची मुभा देणं म्हणजे वर्गातच, सर्वांसमोर, कुठलंही प्रमाणपत्र न मागता दिलेली मदत. तीस वर्षांत अशी मदत पाठ्यपुस्तकातून येण्याचे प्रसंग थोडेच, आणि आलेल्या एकाची आपण टिंगल केली.

2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोनदा स्पष्ट बोलून दाखवलं. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि माध्यमिक स्तरावर पंधरांमागे एक, असं प्रमाण ऑक्टोबरात त्यानं सांगितलं. नोव्हेंबरात, डिस्ग्राफिया, म्हणजे लेखनातली अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ परीक्षेत हक्काचा जादा वेळ नाकारणाऱ्या परीक्षा यंत्रणेची त्यानं कानउघाडणी केली. पुढच्या वर्षी एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ ही प्राथमिक पडताळणीची यादी आणि ॲप आणलं. पण खेड्यापाड्यांत समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक बराच काळ बहुतेक कंत्राटी होते आणि एकेकाच्या वाट्याला कितीतरी शाळा. मूल त्यांना दिसतं ते महिन्यातून कधीतरी. पडताळणीत नाव आलं, पुढे शिकवायला कुणी नाही, असंच अजून बऱ्याच ठिकाणी आहे.

या सगळ्या प्रवासात एक घोटाळा आपण सर्वांनी मिळून केला. ‘सर्टिफिकेट आणा, मग बघू’ हे शाळेचं पालुपद झालं आणि पालकांनीही ते मान्य केलं. सवलतीसाठी प्रमाणपत्र हवं, हे बरोबरच आहे. सार्वजनिक परीक्षेत कुणाला जादा वेळ द्यायचा याला पुरावा लागतो. पण शिकवायला कसलं सर्टिफिकेट? 2016च्या कायद्याचं सोळावं कलम सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांमार्फत शाळांवर जबाबदारी टाकतं, की अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखा आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य अध्यापन आणि इतर उपाय करा. शासनमान्य आणि अनुदानित शाळा सगळ्याच त्यात आल्या. त्या कलमात आधी प्रमाणपत्र आणा, अशी अट नाही. बुद्ध्यांक 85च्या वरच हवा, असंही त्यात म्हटलेलं नाही.

तेव्हा दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या पालकांनी येत्या पालकसभेत सवलतीचं विचारू नये, ती वेळ यायची आहे. मुख्याध्यापकांना विचारावं, ‘माझ्या मुलाला वाचायला कोण शिकवणार, आठवड्यातून किती तास, आणि दिवाळीपर्यंत काय यायला हवं?’ उत्तर तोंडी न घेता लेखी मागावं. आणि ‘आधी सर्टिफिकेट’ असं कुणी म्हटलंच, तर सोळाव्या कलमाचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवावा. दहावीच्या सवलती महाराष्ट्रानं केंद्राच्या कायद्याच्या वीस वर्षं आधी दिल्या त्या असाच तगादा लावणाऱ्या आयाबापांमुळे. आता तोच तगादा पहिलीच्या वर्गात लावायचा आहे.