मागून येणाऱ्यांची शर्यत

सप्टेंबर महिन्यातला रविवार. भांगलणी उरकलेली, सोयाबीनच्या शेंगा भरू लागलेल्या, रब्बी ज्वारीच्या पेरणीला अजून थोडा अवकाश. शेतकऱ्याला वर्षात मोकळे असे जे चार दिवस मिळतात, त्यातलाच हा एक. अशा दिवशी तांबडं फुटायच्या आत सातारा शहरात शिरलात, तर वाटेल की इथे जत्राच भरली आहे. रस्त्यावर हजारो माणसे, अंगात रंगीत बनियन, छातीवर क्रमांक. कोणी जागच्या जागी उड्या मारतोय, कोणी गुडघ्याला मलम चोळतोय. हा मेळा असतो सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा.

२०१२ साली सुरू झालेली ही शर्यत आता महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. अंतर २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचे आणि त्याच वाटेने खाली यायचे. म्हणजे जवळजवळ निम्मी शर्यत चढाची आणि निम्मी उताराची. २०१५ साली एकाच डोंगरावर सर्वात जास्त माणसे धावल्याबद्दल या शर्यतीची गिनीज बुकात नोंद झाली.

पहिल्या आलेल्यांची नावे आणि फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतातच. मी लिहिणार आहे ते शेवटून येणाऱ्यांबद्दल. कारण त्या दिवशी मी घाटात थांबलो होतो तो अशाच एका माणसासाठी.

"गाडी बंद पडली का, आबा?"

आबा आमच्या हद्दीतले शेतकरी. वय अठ्ठावन्न. दोन एकर आले, थोडे सोयाबीन, ओढ्याकाठी भात. दोन वर्षांपूर्वी गावात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले, त्यात आबांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चाळीस मिनिटे भरभर चालायला सांगितले.

आबा म्हणाले, "डॉक्टर, आमी शेतकरी मानसं. दिवसभर रानातच असतो की."

डॉक्टरांनी विचारले, "रानात जाता कशानं?"

"मोटारसायकलवर."

"नांगरट?"

"ट्रॅक्टर हाय की भावकीतला."

"पाणी?"

"ठिबक न्हाय, पर मोटार चालू केली की झालं."

डॉक्टर नुसते हसले. आबांनी हा किस्सा मला स्वतः सांगितला तेव्हा मलाही हसू आले, पण नंतर विचार करू लागलो. बैल गेले, मोट तर केव्हाच गेली. डोक्यावरचा भारा गेला आणि दारात गाडी आली. हे चांगलेच झाले, त्या कष्टांनी आधीच्या पिढीच्या कमरा मोडल्या. पण शेतकरी म्हणजे आपोआप धडधाकट हा हिशेब आता जुळत नाही. भांगलायला, काढणीला वाकून काम होते, पण छाती भरून यावी असे काम वर्षातले मोजकेच दिवस होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे बेताचा दम लागेल असा व्यायाम करावा. आपल्या गावच्या पारावर बसलेल्यांपैकी किती जणांचा तेवढा होतो, हे ज्याने त्याने पाहावे.

तर आबा चालायला निघाले. पहिल्या दिवशी पारावरून हाक आली, "आबा, गाडी बंद पडली का?" दुसऱ्या दिवशी कोणी विचारले, "कुनाच्यात मयत हाय का?" तिसऱ्या दिवशी एकाने पोरांदेखत सांगितले, "आबांनी पोलीस भरतीचा फारम भरलाय!" चौथ्या दिवशी आबा घराबाहेर पडलेच नाहीत.

गोळी घेतली म्हणून गावात कोणी हसत नाही. काही काम नसताना रस्त्याने चालले तर हसतात. बायकांची अडचण तर याहून मोठी. घरची सून बिनकामाची रस्त्याने चालताना दिसली, तर दुसऱ्या दिवशी सासूला चार जणी विचारतात. आजारापेक्षा ही लाज जड आहे.

अंधारातली तालीम

आबांची सोडवणूक पुतण्याने केली. तो खरोखरच पोलीस भरतीची तयारी करत होता. या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. त्यामुळे आज जिल्ह्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर पहाटे गेलात, तर दहा-वीस पोरे-पोरी पळताना दिसतात. पुतण्या म्हणाला, "आबा, पाचला माझ्याबरोबर या. अंधारात कोण बघतंय?"

आबा आधी चालले. महिनाभराने एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचे आणि पुढचे दोन खांब चालायचे, असे सुरू केले. मग दोन खांब पळणे, एक खांब चालणे. डॉक्टरांना विचारून वेग वाढवला. वर्ष असे गेले आणि पुतण्याने न विचारता शर्यतीत आबांचे नाव घातले.

मोठ्यांची वाट, लहानांचीही

रस्त्यावरच्या शर्यतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. कुस्तीत एक जिंकतो, दुसऱ्याची पाठ लागते. बैलगाडा शर्यतीतही घाट कुणाचा झाला तेवढेच लोक विचारतात. इथे मात्र अकॅडमीतला तयार धावपटू आणि साठीची गृहिणी एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी धावतात. छातीवरच्या क्रमांकाला वेळ मोजणारी पट्टी जोडलेली असते. आरंभरेषेवरून तुमचे पाऊल पडले की तुमची वेळ सुरू होते. म्हणजे गर्दीत मागे उभे राहिलात तरी तुमचे नुकसान नाही. पहिल्या दहांची शर्यत एकमेकांशी, बाकी हजारोंची आपापल्या मागच्या वेळेशी.

आपल्या जिल्ह्याला धावण्याचे वावडे नाही. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि जगात दहावी आली. या शर्यतीत अडथळ्यांबरोबर सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. जिथे टँकरची वाट पाहिली जाते त्या मुलखातली मुलगी पाण्याच्या शर्यतीत पुढे गेली, याचे आपल्याला कौतुक आहे.

शेजारच्या बारामतीतल्या लता करे यांचेही नाव बहुतेकांनी ऐकले असेल. साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते, म्हणून धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचेच काम केले आणि २०१९ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. पण औषधासाठी म्हातारपणी अनवाणी पळावे लागते, ही गोष्ट टाळ्या वाजवून सोडून देण्यासारखी नाही. दुखणे अंगावर येण्याआधी पळता आले, तर ते केव्हाही बरे.

घाटात

मी यवतेश्वरच्या घाटातल्या एका वळणावर उभा होतो. शाळेची पोरे लेझीम घेऊन आली होती, कुणाची हलगी वाजत होती. पहिले धावणारे वाऱ्यासारखे वर गेले. त्यांच्या पायांचा आवाजसुद्धा येत नव्हता. मग दाट गर्दी आली. नोकरदार, डॉक्टर, शिक्षक, पोलीस, कॉलेजची पोरे, नवरा-बायको जोडीने. हा लोंढा बराच वेळ चालला. मग तो विरळ झाला आणि मागची मंडळी येऊ लागली. कोणी लंगडत, कोणी कमरेवर हात ठेवून, कोणी नुसते चालत. आबा त्यांच्यात होते. टाचेला नवे बूट लागले होते, तोंड घामाने निथळत होते.

नेमके त्याच वेळी वरून पहिले धावपटू परत येऊ लागले. वाट एकच असल्याने उतरणारे पहिले आणि चढणारे शेवटचे समोरासमोर येतात. मला वाटले, आता आबांना लाज वाटणार. पण उतरणाऱ्या एका पोराने, वेग न मोडता, हात वर केला आणि ओरडला, "चला काका, थांबू नका!" आबांनीही हात वर केला. मला तर त्यांनी पाहिलेच नाही.

त्या वळणावर मला माझी वही आठवली. आमच्या पदविकेच्या अभ्यासात एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची १९६२ सालची मांडणी शिकवतात. नवे तंत्र आले की शंभरातले अडीच शेतकरी ते लगेच घेतात, साडेतेरा त्यांच्या मागून, मग चौतीस, मग आणखी चौतीस आणि शेवटी सोळा. घाटातली गर्दी मी मोजली नाही, पण तिचा आकार हाच होता. पुढे चिमूटभर, मध्ये दाटी, मागे शेपूट.

आम्ही विस्ताराचे लोक काय करतो? पुढच्या अडीच जणांच्या बांधावर प्रात्यक्षिक घेतो, फोटो काढतो, अहवाल पाठवतो. मागच्या सोळांना आम्ही 'उदासीन' म्हणतो. आबांचे नाव माझ्या वहीत त्याच खान्यात होते. आल्याला गादीवाफा करा, ठिबक करा, पाणी साचणार नाही, हे मी त्यांना तीन वर्षे सांगितले. त्यांनी सरी-वरंबा सोडला नाही, आणि चौथ्या वर्षी मी त्यांच्या रानाकडे वळणेच सोडले. शर्यत भरवणाऱ्यांनी असे केले असते तर? पहिले दहा आले की रस्ता मोकळा केला असता, पाण्याची टेबले उचलली असती, तर आबा घाटातच राहिले असते. तिथे मात्र मागच्यांसाठीही पाणी होते आणि सगळ्यात शेवटी सावकाश चालणारी रुग्णवाहिका होती.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

शेतकरी बंधू-भगिनींनो, २१ किलोमीटर पळण्याची घाई कोणी करू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी, साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पळू नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. पहिला महिना नुसते भरभर चालावे. बरोबरच्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. छातीत दुखले, चक्कर आली, डावा हात भरून आला तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा, मर्दुमकी दाखवू नये. बूट महागाचे नसले तरी पायाला बसणारे असावेत आणि शर्यतीच्या दिवशी नवे घालू नयेत. खूप घाम गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे प्यावे. साखरेच्या रुग्णांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि गावाने एक करावे. जत्रेच्या कार्यक्रमात कुस्त्यांबरोबर तीन किलोमीटरची एक धाव ठेवावी. बक्षीस नसले तरी चालेल. म्हाताऱ्यांनी, बायकांनी, पोरांनी, ज्याला जसे जमेल तसे, चालत-पळत ती पुरी करावी. एकदा सगळा गाव रस्त्यावर आला की हसायला पारावर कोणी उरत नाही.

सोमवारचे काम

आबा साडेतीन तासांनी खाली पोहोचले. गळ्यात पदक पडले. पुतण्याने फोटो काढले. मी अभिनंदन करायला पुढे झालो तर आबा माझा हात धरून बाजूला घेऊन गेले. धाप अजून ओसरली नव्हती.

"सायेब, आल्याला कूज लागलीया. खालच्या बाजूचं सगळं पिवळं पडलंय. आठ दिस झालं, तुमास्नी सांगावं म्हनतोय, पर तुमी आमच्या रानाकडं येतच न्हाय."

मी काय बोलणार? सोमवारी सकाळी गेलो. खालच्या सऱ्यांत पाणी तुंबले होते, तीन-चार गुंठ्यांतले गड्डे मऊ पडले होते. पाण्याला वाट काढून दिली, कुजलेले गड्डे मातीसकट उपटून बांधापासून लांब टाकायला सांगितले. राहिलेल्या पिकाला कोणते औषध ओतायचे ते लिहून दिले. तेवढा भाग गेला, वरचा बहुधा वाचेल. गादीवाफ्याचे नाव मी काढले नाही. आबांनीच काढले.

"पुढच्या टायमाला निम्म्या रानात करून बघू म्हनतो. निम्म्याच हं."

मी वही काढली, 'उदासीन' या खान्यातले नाव खोडले आणि पुढच्या सोमवारची तारीख घातली.