रांगोळीखाली नाव कुणाचं?

जेवणं उरकली असतील, कुणाची भांडी अजून राहिली असतील. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आजचा विषय कर्जाच्या हप्त्याचा नाही, शेळीच्या लसीचाही नाही. आज बोलायचं आहे कॉलेजातल्या कला प्रदर्शनाबद्दल आणि गॅदरिंगबद्दल. तुम्ही म्हणाल, ताई, त्याचा आपल्याशी काय संबंध? तर ऐका.

गेल्या जानेवारीत तालुक्याच्या एका कॉलेजातून निरोप आला. स्नेहसंमेलन आहे, मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, दारात रांगोळीसाठी गटातल्या पाच बायका पाठवा. आम्ही पहाटे साडेचारला टमटमने निघालो. भाडं आमचंच. गुडघे टेकून तीन तासांत दारासमोर बारा फुटांची रांगोळी काढली. आत मुलांची चित्रं लावलेली होती. प्रत्येक चित्राखाली पांढरी चिठ्ठी होती आणि तिच्यावर मुलाचं नाव, वर्ग, चित्राचं नाव. आमच्या रांगोळीशेजारी काहीच नव्हतं. पाहुणे आले, फोटो निघाले, चहा झाला, आम्ही परतलो.

वाटेत मी जरा चिडूनच बोलले. तर आमच्यातली सगळ्यात थोरली मावशी म्हणाली, "अगं, रांगोळीला कुठं नाव असतं का? उद्या पुसायचीच असते ती."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज जे सांगणार आहे, ते त्या मावशीसाठीच आहे.

पश्चिम बंगालमध्ये बोलपूरजवळ शांतिनिकेतन म्हणून ठिकाण आहे. रवींद्रनाथ टागोरांनी तिथे शाळा काढली आणि पुढे विश्वभारती उभी केली. त्यातलंच एक छोटं कला महाविद्यालय म्हणजे कलाभवन. ते 1919 साली सुरू झालं. नंदलाल बोस हे मोठे चित्रकार पुढे तिथले प्रमुख झाले.

बंगालमधल्या बायकाही आपल्यासारखीच दारात, अंगणात नक्षी काढतात. तिला आलपना म्हणतात. आपली रांगोळी कोरडी, चिमटीतून सोडायची. त्यांची ओली. तांदूळ वाटून पातळ घोळ करायचा, त्यात कापडाची चिंधी भिजवायची आणि बोटावरून ओघळ सोडत वेली, पानं, कमळं काढायची. व्रत असो की लग्न, आई काढते, लेक बघून शिकते. त्यासाठी शाळा नाही, पुस्तक नाही.

कलाभवनाने काय केलं? सुकुमारी देवी नावाच्या बाई आलपना आणि सुईकामात तरबेज होत्या. त्यांना कलाभवनात शिकवायला ठेवलं. दारातली नक्षी काढणारी बाई कॉलेजात गुरू झाली. नंदलाल बोसांची मुलगी गौरी हिनेही पुढे तिथेच आलपना, भरतकाम, बाटिक शिकवलं. शांतिनिकेतनात झाडं लावण्याचा उत्सव असो की नांगरणीचा, जमिनीवर आलपना आलीच. तीही दुसऱ्या दिवशी पुसली जाते. पण सुकुमारी देवींचं नाव पुसलं गेलं नाही. कलाभवनाची गोष्ट सांगताना आजही त्यांचं नाव घ्यावं लागतं. का? तर कुणीतरी त्यांच्या हाताच्या कामाला काम म्हटलं आणि त्यांना बाई म्हणून हाक मारली, शिकवणाऱ्या बाई.

आता गॅदरिंगकडे वळू. आपल्याकडे अजूनही पोरगी स्टेजवर नाचणार म्हटलं की घरात कुजबुज होते. शंभर वर्षांपूर्वी बंगालात काय असेल, विचार करा. 1926 मध्ये टागोरांनी 'नटीर पूजा' नावाचं नाटक लिहिलं. गोष्ट बुद्धाच्या काळातली. राजवाड्यात श्रीमती नावाची नर्तकी असते. स्तूपाची पूजा करायला बंदी झालेली असते आणि तिला हुकूम होतो, त्याच स्तूपासमोर नाच. ती नाचते, पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवते आणि तो नाचच पूजा होऊन जातो. त्यासाठी तिला जीव द्यावा लागतो. ही श्रीमती झाली होती नंदलाल बोसांची तीच मुलगी, गौरी. चांगल्या घरच्या मुलीने लोकांसमोर नाचायचं, हे तेव्हा समाजाला पटणारं नव्हतं. नाटकातली पात्रं सगळी बायकांची होती. 1927 मध्ये कोलकात्यात प्रयोग करायचा ठरला, तेव्हा टागोरांनी त्यात एका भिक्खूची भूमिका वाढवली आणि पांढऱ्या दाढीचे ते स्वतः रंगमंचावर उतरले. टीका झालीच तर मुलींनी एकट्याने का सोसावी? घरातल्या, कॉलेजातल्या मोठ्या माणसांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

आणि हे सगळं दूर बंगालातच राहिलं असंही नाही. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं. ते खेडं आपल्या खानदेशातलं, जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर. तिथल्या प्रदर्शनाच्या मांडणीसाठी गांधीजींनी नंदलाल बोसांनाच बोलावलं होतं. अट अशी की गावात मिळेल तेच वापरायचं. मग बांबू, गवत अशा साध्या सामानातून सजावट झाली. पुढे 1938 मध्ये गुजरातेत हरिपुरा गावी अधिवेशन झालं, तेव्हा बोसांनी आणि त्यांच्या शिष्यांनी शेकडो चित्रं करून मंडपात लावली. त्यांत कोण होतं? धान कांडणाऱ्या बायका, सूत कातणारी, ढोल वाजवणारा. म्हणजे आपणच. आपण रोज करतो ते काम चित्रात काढण्याच्या लायकीचं आहे, हे गावातल्या माणसांना गावातच दाखवलं.

कलाभवनात आजही दर वर्षी 1 आणि 2 डिसेंबरला नंदन मेळा भरतो. 3 डिसेंबर हा नंदलाल बोसांचा जन्मदिवस, म्हणून त्याच्या आदले दोन दिवस. 1973 पासून ही प्रथा आहे. विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या हाताने चित्रं, छापील कार्डं, मातीच्या वस्तू, दागिने करतात आणि मांडून विकतात. खाण्याचे स्टॉल असतात, संध्याकाळी गाणं-बजावणं होतं. आलेला पैसा अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या निधीत जातो. तो त्यांचा बचत गटच म्हणा ना! फक्त आपण दहा-वीस रुपये टाकतो, ते आपली कला टाकतात.

मग यातून आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, प्रदर्शन बघायला जा. कॉलेजचं प्रदर्शन म्हणजे फक्त शिकलेल्यांसाठी, हा समज काढून टाका. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. आधी एक फोन करून वेळ विचारा. आत गेल्यावर गप्प फिरू नका. चित्राजवळ उभ्या पोराला विचारा, "बाळा, हे कशाने केलंस? किती दिवस लागले?" त्याला आनंद होईल आणि तुम्हाला कळेल की त्यालाही आपल्यासारखंच उसवावं लागतं, पुन्हा घालावं लागतं.

दुसरी गोष्ट, कामाला बोलावलं तर आधी चार प्रश्न विचारा. आमच्या कामाशेजारी नावाची चिठ्ठी लागेल का? जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन किती? आमच्या वस्तू विकायला एक टेबल मिळेल का? आणि काम झाल्यावर कार्यक्रम बघायला बसायची जागा असेल का? विचारण्यात उद्धटपणा नाही. मदत म्हणून जायचं असेल तर आनंदाने जा, पण ते आपण ठरवून जा.

तिसरी गोष्ट, चिठ्ठीवर किंमत लिहायला शिका. समजा, गोधडी आहे. दोरा 150 रुपये, अस्तर 350 रुपये. रोज दोन तास बसलं तर वीस दिवस, म्हणजे 40 तास. तासाला 40 रुपये धरले तर मजुरी 1600. एकूण झाले 2100. समोरचा म्हणेल, "एवढे?" तेव्हा हा हिशोब दाखवा. घासाघीस करून कमी करायचे तर करा, पण किती सोडतोय हे आपल्याला माहीत हवं.

यंदाही त्याच कॉलेजातून निरोप आला. आम्ही मासिक बैठकीत विषय घेतला, ठराव लिहिला आणि सचिव व मी जाऊन प्राध्यापकांना भेटलो. नावाची चिठ्ठी आणि विक्रीचं टेबल त्यांनी लगेच कबूल केलं. "आमच्या लक्षातच आलं नव्हतं," असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं. मानधनाचं अजून ठरलेलं नाही. त्यासाठी पुन्हा जाणार आहोत.

चिठ्ठ्या आम्ही परवा लिहिल्या. मावशीला म्हटलं, तुमची चिठ्ठी तुम्हीच लिहा. त्या गटात आल्यावर सही करायला शिकल्या, त्याहून जास्त कधी लिहिलेलं नाही. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर नाव आलं, थोडं तिरकं, पण पूर्ण. मग म्हणाल्या, "रांगोळी पुसली तरी ही चिठ्ठी मला परत आणून दे गं."

आणून देणार आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या, आणि कॉलेजने काय उत्तर दिलं ते आम्हाला कळवा.