कवितेतल्या तळ्याकाठी

‘संदर्भासहित स्पष्टीकरण करा’ हा प्रश्न शाळेत आपण सगळ्यांनी सोडवलाय. कवी कोण, कविता कुठली, ओळीचा अर्थ काय, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. ज्या जागेवरून ती कविता सुचली ती जागा कुठे आहे, हे मात्र कुणी विचारायचं नाही. वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल्सवरची कविता अशीच पाठ झाली. फूल कधी पाहिलेलं नाही, तरी कविता तोंडपाठ!

आता आपल्यातले काही जण पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जातात. सुट्टीत ही ठिकाणं बघून यावं असं वाटणं साहजिकच आहे. पण तिथे जाऊन बघायचं काय? कवितेतलं वर्णन जुळतंय का, एवढंच तपासायला गेलात तर अर्ध्या तासात कंटाळा येईल. माझ्या मते, कवितेने काय गाळलं हे तिथे जास्त चांगलं कळतं. दोन उदाहरणं देते.

पहिलं उदाहरण अर्थातच डॅफोडिल्सचं. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट आहे. तिथलं अल्सवॉटर हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं तळं. लंडनहून रेल्वेने पेनरिथला उतरायचं आणि पुढे बसने तळ्याच्या काठाकाठाने जायचं. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ग्लेनकॉइनच्या बाजूला ही फुलं दिसतात. पण आपल्या पुस्तकातल्या चित्रासारखी मोठी, गडद पिवळी फुलं शोधू नका. ती बागेतली जात. इथली रानटी फुलं लहान असतात, आणि त्यांच्या बाहेरच्या पाकळ्या फिकट पिवळ्या.

१५ एप्रिल १८०२ या दिवशी वर्ड्‌सवर्थ इथून चालत ग्रासमिअरच्या घराकडे निघाला होता. आणि तो एकटा नव्हता. बहीण डोरोथी बरोबर होती. कवितेची सुरुवातच एकटेपणाने होते, पण त्या दिवसाचं वर्णन आधी लिहिलं ते डोरोथीने, तिच्या रोजनिशीत. त्या दिवशी वारा किती जोराचा होता, आधी तुरळक फुलं दिसली आणि मग काठाने रस्त्याएवढा रुंद पट्टा कसा लागला, काही फुलं दगडांवर डोकं टेकून दमल्यासारखी कशी पडली होती, हे सगळं तिने टिपलंय. कविता त्यानंतर दोन वर्षांनी, १८०४ मध्ये लिहिली गेली आणि १८०७ मध्ये छापून आली. तेव्हा तिची तीनच कडवी होती. चौथं कडवं आणि फुलांना लावलेलं ‘सोनेरी’ हे विशेषण १८१५ च्या आवृत्तीत आलं. शेवटच्या कडव्यातल्या मनाच्या डोळ्याबद्दलच्या दोन ओळी आपल्या बायकोच्या, मेरीच्या आहेत, असं कवीने स्वतःच सांगून ठेवलंय. म्हणजे एकट्या माणसाची म्हणून आपण पाठ केलेली ही कविता तिघांची आहे. ग्रासमिअरच्या चर्चच्या आवारात तिघांच्याही कबरी आहेत. तिथे गेलात तर नुसत्या एकाच कबरीचा फोटो काढून परत फिरू नका.

दुसरं ठिकाण लंडनमध्येच आहे, वेस्टमिन्स्टर पूल. पहाटेच्या शांत लंडनवर वर्ड्‌सवर्थचं सुनीत आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. आज त्या पुलावर उभं राहिलं तर समोर बिग बेन दिसतो आणि वाटतं, हेच ते दृश्य! पण आजचा पूल १८६२ चा. संसदेची जुनी इमारत १८३४ मध्ये जळाली, आणि बिग बेनची घंटा वाजायला लागली ती १८५९ मध्ये. कवीने पाहिलेल्यातली नदी आणि सेंट पॉलचा घुमट शिल्लक आहे, बाकी फारसं काही नाही.

तारखेचीही गंमत आहे. शीर्षकात ३ सप्टेंबर १८०२ आहे, पण डोरोथीच्या रोजनिशीप्रमाणे दोघांनी पूल ओलांडला तो जुलैच्या अखेरीला, डोव्हरकडे जाणाऱ्या घोडागाडीतून. तेव्हा फ्रान्सबरोबरचं युद्ध थांबलं होतं. कवी आपली नऊ वर्षांची मुलगी कॅरोलिन आणि तिची आई ॲनेट यांना भेटायला कॅलेला चालला होता. ऑक्टोबरमध्ये त्याचं मेरीशी लग्न व्हायचं होतं. ती पहाट इतकी शांत का वाटली असेल, हा प्रश्न आता वेगळाच होऊन बसतो. शाळेतल्या स्पष्टीकरणात हे काहीच नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, साहेबांच्या फुलांचं एवढं कौतुक आपल्याला कशाला? हा राग खोटा नाही. अँटिग्वात जन्मलेल्या जमेका किंकेड यांच्या ‘लूसी’ (१९९०) या कादंबरीतल्या मुलीला हीच कविता शाळेत सगळ्यांसमोर म्हणावी लागते. पुढे अमेरिकेत तिला खरी डॅफोडिल्स दिसतात, तेव्हा ती कापून टाकावीशी वाटतात. न पाहिलेलं फूल सुंदर आहे असं आपल्याकडून वदवून घेतलं गेलं, याची ती चीड आहे. मला वाटतं, प्रत्यक्ष जागा बघण्याचा हक्क म्हणूनच महत्त्वाचा. पाठ करताना आपण फक्त ‘हो’ म्हणत होतो. तळ्याकाठी उभं राहिल्यावर ‘बहीण कुठे गेली?’ असं विचारता येतं.

विमानाचं तिकीट सगळ्यांना परवडणार नाही, हेही खरं. पण डोरोथीची रोजनिशी छापील मिळते. ती आणि कविता शेजारी ठेवून वाचली की निम्मा प्रवास झालाच. हीच सवय जवळच्या प्रवासालाही लावता येईल. इंग्रजीतलं सुनीत मराठीत आणलं ते केशवसुतांनी. त्यांचं मालगुंडचं स्मारक गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ आहे. आपल्या मंडळाची सहल कधी तिकडे निघाली, तर जाण्याआधी प्रत्येकाने त्यांची एक कविता वाचावी आणि तिच्यात काय नाही याचा एक तरी प्रश्न वहीत लिहून न्यावा. उत्तर मिळेलच असं नाही. पण या प्रश्नाला मार्क नाहीत, त्यामुळे घाई करायचंही कारण नाही.