इकोची सूत्रं

शहाद्याहून धडगावकडे निघालं की सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागतं. लग्नसराईत या पट्ट्यात फिरणाऱ्या बँडच्या गाडीवर आता कीबोर्ड असतो, पॅड असतं, मिक्सर असतो आणि गायकाच्या माइकला इको लावलेला असतो. हा इको इथवर कसा आला हे पाहू गेलं तर यंत्रांच्या किमती उतरण्याची गोष्ट हाती लागते. ती खरी आहेच. मला तिच्याहून मोठी वाटते ती दुसरी: इको किती, कधी आणि कुठल्या शब्दावर, हे ठरवण्याचा अधिकार काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टकडून वाजवणाऱ्याच्या हातापायांशी आला. हे मिडीमुळे, म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायच्या सामायिक भाषेमुळे झालं.

त्याआधी घुमारा ही जागेची आणि वजनाची बाब होती. मोठे स्टुडिओ रिकाम्या खोलीत स्पीकर लावायचे आणि तिथला आवाज माइकनं परत घ्यायचे. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीनं पोलादी पत्र्याचं रिव्हर्ब, म्हणजे घुमाऱ्याचं यंत्र आणलं. त्याचं धूड पाव टनाच्या आसपास होतं. टेपवर चालणारे इको त्यामानानं सुटसुटीत, रोलंडचा स्पेस इको १९७४चा. १९७६मध्ये ईएमटीनंच डिजिटल रिव्हर्ब बाजारात आणलं. पण गाणं चालू असताना काही बदलायचं तर या प्रत्येक यंत्रापाशी माणूस उभा राहायला हवा होता.

१९८१ साली अमेरिकेतल्या डेव्ह स्मिथ यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक प्रस्ताव मांडला. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आधीपासून त्याच खटपटीत होते. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ मिडीच्या एका तारेनं जोडले गेले. एकावर बोट पडलं, दुसरा वाजला. स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. त्यांचा खरा मोठेपणा मला यात दिसतो की मिडीवर त्यांनी परवान्याचं शुल्क लावलं नाही. ते लावलं असतं तर स्वस्त कीबोर्डात मिडी आलं नसतं, आणि सातपुड्यापर्यंत पोचायला त्याला फार उशीर झाला असता.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात. एका तारेत सोळा चॅनेल. सेकंदाला ३१,२५० बिट हा वेग आज अगदी कमी वाटेल, तरी तीन बाइटचा एक हुकूम साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. ‘प्रोग्राम चेंज’ म्हणजे अमुक नंबरचा इफेक्ट लाव. ‘कंट्रोल चेंज’ म्हणजे अमुक गोष्ट इतकी कर, शून्य ते १२७ या मापात. नंबर ७ आवाजाची पातळी, ६४ सस्टेन पेडल, ९१ बहुतेक कीबोर्डांत रिव्हर्ब.

स्टुडिओतल्या इफेक्टला ही भाषा लवकरच आली. यामाहाचा एसपीएक्स-९० हा १९८५चा. त्याच्या नव्वद जागांपैकी तीस कंपनीनं भरलेल्या, साठ आपल्यासाठी मोकळ्या. कीबोर्डवर टोन बदलला की पाठोपाठ रॅकमधला इफेक्टही बदलायचा. त्याच सुमारास आलेल्या लेक्सिकॉन पीसीएम-७०नं पुढची मजल मारली: रिव्हर्बची लांबी किंवा डिलेचं, म्हणजे उशिरा परत येणाऱ्या आवाजाचं, प्रमाण मिडीच्या एखाद्या कंट्रोलला, अगदी पट्टी किती जोरात दाबली यालाही बांधता येऊ लागलं. हलका स्वर कोरडा राहील आणि जोराचा घुमेल, हे आता बोटांच्या दाबावर ठरू लागलं. वादनातल्या भावाला जागेचं परिमाण मिळालं ते इथे, आणि या चार दशकांतला सगळ्यात सुंदर शोध मी यालाच मानतो.

आपल्याकडे यंत्रं मिडीच्या आधीच आली होती. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. तिचं मोल जगाला २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर कळलं. त्या वेळी रोलंडच्या तालयंत्रांना जोडणारी सिंकची तार फक्त ठोका सांगायची. कुठला टोन, किती घुमारा, हे तिला सांगता येत नव्हतं. १९८५मध्ये रोलंडचं पहिलं ऑक्टापॅड आलं. त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ चौकोनांवर काठी मारायची आणि मिडीनं दुसरं यंत्र वाजवायचं. पुढे पॅडांच्या पोटातच आवाज आले, आणि ऑर्केस्ट्रापासून लग्नाच्या बँडपर्यंत त्यांनी जी जागा धरली ती आजवर सुटलेली नाही. नव्वदच्या दशकातल्या झंकार बीट्सच्या कॅसेटींनी जुन्या गाण्यांवर इको आणि यंत्राचा ताल चढवला, आणि कान त्याला सरावले.

तिथेच एक खोट राहिली असं माझं मत आहे. इको आला, पण बहुतेक ठिकाणी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकाच मापानं चालू राहतो. अहिराणीतल्या चटपटीत ओळी त्यात चिकटून जातात. गाडीवरच्या कीबोर्डमागे मिडीची भोकं धूळ खात असतात.

खरी कसोटी लागते लयीला. मिडीचं घड्याळ एका मात्रेला चोवीस टिकटिकी देतं आणि डिलेचं यंत्र त्यांवरून उत्तर किती वेळानं द्यायचं ते ठरवतं. मिनिटाला १२० मात्रा असतील तर मात्रेगणिक ५०० मिलिसेकंद, १४० झाल्या तर सुमारे ४२९. यंत्राचा ताल लावून नाचायचं असेल तर हे बिनचूक चालतं. पण आपल्याकडचा ढोल एका गतीत बांधलेला नसतो. होळीला नाचणाऱ्यांचे पाय तापत जातात तसा तो चढत जातो, आणि ५०० वर लावलेला डिले मागे पडून ठेक्यावर आदळायला लागतो. अशा वेळी घड्याळ यंत्राकडून घेऊ नये, माणसाकडून घ्यावं. पायाखालच्या खटक्यावर चार मात्रा टिपल्या की नवी गती यंत्राला कळते. शंभर मीटरवरच्या कड्यावर हाक मारली तर ती अर्ध्या सेकंदाहून थोडी उशिरा परत येते. ढोल कितीही चढला तरी कडा आपला वेळ बदलत नाही. यंत्राला तो बदलता येतो, म्हणून ते ढोलाच्या मागे गेलं पाहिजे. ढोलानं त्याच्यासाठी थांबू नये.

१२८ पायऱ्यांच्या मापालाही मर्यादा आहे. इफेक्टचा एखादा कंट्रोल सावकाश फिरवला तर काही यंत्रांत पायऱ्यांची करकर ऐकू येते. २०२०मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.०नं माप फार बारीक केलं. गाडीवरच्या बँडला मात्र १९८३चं माप पुरेसं आहे. अडतं ते माहितीपाशी. प्रोग्रामचे नंबर एक यंत्र शून्यापासून मोजतं आणि दुसरं एकपासून. एवढ्या फरकानं भलताच इफेक्ट लागतो आणि ‘मिडी बिघडलं’ म्हणून तार काढून ठेवली जाते.

मिडीच्या बहुतेक यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता असतो. यंत्र कुठले हुकूम पाठवतं आणि कुठले ऐकतं, ते तिथे गोल आणि फुलीनं दाखवलेलं असतं. शहादा, म्हसावद, धडगावकडच्या कीबोर्डवाल्या पोरांना हा तक्ता मराठीत, जमल्यास अहिराणी आणि पावरी बोलीतही समजावून देणारं कुणीतरी हवं. माइकच्या इफेक्टचं यंत्र तक्त्यात जो नंबर ऐकतं त्याला कीबोर्डचं मॉड्युलेशनचं चाक जोडा, चॅनेल दोन्ही यंत्रांत एकच ठेवा, ओळ चालू असताना चाक खाली आणि ओळीचा शेवटचा शब्द सुटताना वर: सुरुवातीला एवढं पुरे.